आगीच्या हौदातले मासे

९ जुलै
मोटार शेवटी चालू झाली. विहिरीचं पाणी हौदात पडायला लागलं तसे आमचे जुने जमादार रशीदमियाँ पाइपाखाली हात धरून उभे राहिले. पाणी पहिल्यांदाच बघितल्यासारखे. आमची जिनिंग बंद पडल्यापासून हा आगीचा उंच हौद कोरडा होता. तळाला पिंपळ उगवलेला, तो मुळासकट काढला. भेगा बुजवल्या. विहीर मात्र तशीच भरलेली आहे. कालव्याचा पाझर आहे तिला, उन्हाळ्यातही तळ दिसत नाही. सगळं मानवत गाव टँकरकडे बघत असतं तेव्हा ही बया आतल्या आत गप्प भरून.
पुतण्याचा फोन. उमेश म्हणाला, "काकू, प्लॉटिंगवाल्याला दिवाळीपर्यंत थांबवलंय. पाडव्याला येतो. तोवर माशांचं बीज येलदरी धरणाला गेलं असेल तर जागा तुमच्याकडे राहू द्या. नाहीतर विक्रीच्या कागदांवर सह्या." निम्मी जागा त्याच्या नावावर आहे, तेव्हा बोलायचा त्याला हक्क आहे. बरं म्हटलं, फोन ठेवला.
गुडघा दुखतोय. पायऱ्या फार झाल्या.

११ जुलै
रुक्मिण आली. बरोबर आणखी चौघी. पाचही जणी आमच्या जुन्या, कापसातला कचरा वेचणाऱ्या. हे गेल्यावर जिनिंग मी चालवली तेव्हा रुक्मिण नुकतीच लग्न होऊन आलेली, सासूशेजारी बसून वेचायची. आता दरवर्षी दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. थेट उन्हाळ्यात परत.
म्हणाली, "काकू, मासं पाळायचं काम मला येत न्हाई."
म्हटलं, "मलाही येत नाही. बी. एस्सी.ला पुस्तकात वाचलं होतं, ते पुस्तकही आता नाही. शिकू."
"आन् हे जमलं तं कोयत्याला जायचं न्हाई ना?"
जमलं तर नाही. ते मी स्पष्ट सांगितलं, आणि 'जमलं तर' हे दोनदा म्हटलं. तिची पोरगी दहावीला आहे. रुक्मिण फडावर गेली की पोरीलाही जावं लागतं, भाकरी थापायला आणि धाकट्याला सांभाळायला.

१६ जुलै
र.मियाँशी कडाक्याचं भांडण. पाणी हिरवं व्हायला हवं, त्यावरच पिल्लं जगतात, म्हणून शेणाचा काला हौदात सोडला. ते काठी घेऊन धावत आले.
"बाई, आगीच्या हौदात शेण? तोबा तोबा. साहेब असते तर मला उभा चिरला असता."
"साहेब नाहीत. मी आहे."
"म्हणून तर बोलायलो. तुमी इथं चप्पल घालून चढू देत नव्हता कुणाला."
खरं आहे. देत नव्हते. हौदाचे जमादार म्हणून त्यांचं सगळं आयुष्य एवढ्याच कामात गेलं. हौद काठोकाठ, पाणी आरशासारखं, बादल्या ओळीने, घंटेला गंज नाही. कापसाच्या गावात आगीचं भय काय असतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? समजावून सांगितलं. तीन-चार वेळा. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, हिरवं करा. पण भरलेलं पाहिजे."
चहा घेतला नाही. राग आहे.

१७ जुलै
सकाळी हौदाच्या काठावर तुरटीचा खडा सापडला, दोरीला बांधलेला. पाणी निवळायला आणला होता. मी बघितलं, र.मियाँनी बघितलं.  खडा त्यांच्या खिशात गेला.

२२ जुलै
मत्स्यबीज केंद्रातून मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, आली. प्लास्टिकच्या पिशव्या, निम्मं पाणी, निम्मी हवा भरून फुगवलेल्या. टेम्पोत मांडीवर घेऊन आले. ड्रायव्हर विचारत होता, "बाई, पिशवीत काय हाय, नुसतं पानीच दिसायलंय?"
पिशव्या आधी हौदात तरंगत ठेवल्या, पाण्याला पाणी ओळखीचं व्हावं म्हणून. मग तोंडं सोडली. रुक्मिणीने वाकून बघितलं.
"जिऱ्यावानीच हायत की! फोडणीला टाकावं असं."
सगळ्या हसल्या. मीही. बऱ्याच दिवसांनी.
रोहू, कटला, मृगळ. ओळखू येत नाही कोण कोण ते.

३ ऑगस्ट
पेंडीवरून वाद. बायकांचं म्हणणं सरकीची पेंड घाला, म्हशी कशा तुकतुकीत होतात. कापसाच्या गावात सरकी म्हणजे सगळ्यावरचा इलाज. म्हटलं, एवढ्या लहान पिल्लांना ती सोसत नाही, शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा, वस्त्रगाळ. त्यांच्यातली सुलोचना कुरकुरली, "आमच्या लेकरांना कुणी वस्त्रगाळ घातलं न्हाई."
बरोबर बोलली.  चाळणी तिच्याच हातात दिली.

१५ ऑगस्ट
शाळेतली झेंडावंदनाची गाणी भिंतीवरून ऐकू येत होती. पिल्लं डोळ्यांना दिसायला लागली. सावली पडली की सगळी एकदम वळतात. बगळ्यांना बातमी लागलीय. बायका आळीपाळीने थाळी वाजवतात. खंड्या मात्र थाळीला भीत नाही. र.मियाँ त्याच्याशी उर्दूत बोलतात. तो ऐकून घेतो आणि मासा घेऊन जातो.

२ सप्टेंबर
पोळा. पण कालपासून पाऊस झोडपतोय, बैल गोठ्यातच. हौद भरून वाहील अशी भीती. पाचही जणी डोक्यावर पोती घेऊन आल्या, कुणी बोलावलं नव्हतं. वरच्या सांडव्याच्या तोंडाला जुन्या मच्छरदाणीची जाळी बांधली. रुक्मिणीने विचारलं, "खालच्या पायपालाबी बांधायची का?" आग विझवायचा तो मोठा पाइप, तळाशी, चाकाची चावी. म्हटलं, तो उघडायचा प्रश्नच नाही. राहू दे.
पुरणपोळी रुक्मिणीकडची. चांगली होती. सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

२५ सप्टेंबर
येलदरीचे किसनभाऊ बघायला आले. तिथल्या मच्छीमारांचे पुढारी. धरणात सोडायला बी त्यांना फार लांबून आणावं लागतं, दोन-दोन दिवस गाडीत. त्यांनी हातजाळं टाकलं, मूठभर पिल्लं तळहातावर घेतली, एक उचलून शेपटीकडून बघितलं. 
"बाई, आमचं बी वाटंतच निम्मं मरून जातंय. हे तं उड्या मारायलंय."
"मग?"
"अजून थोडं वाढू द्या. बोटाएवढं झालं की धरणातल्या थोरल्या माशांच्या तोंडी जात न्हाई. दिवाळीच्या आधी गाडी घिऊन येतो. सगळं आमीच नेऊ."
सगळं. हा शब्द त्यांनी उच्चारला तेव्हा सुलोचनाने रुक्मिणीला कोपर मारलं ते मला दिसलं.
त्यांच्या बायकोने डबा पाठवला होता. वाळवलेली मासळी! मी खात नाही. र.मियाँ खूष.

१२ ऑक्टोबर, दसरा
जुने सगळे आले. यंत्रं गेली, सरकी काढायच्या उरलेल्या एका चरख्याची पूजा. आपट्याची पानं. मग जिनिंगचा जुना रिवाज. हंगामाआधी दसऱ्याला र.मियाँ घंटा वाजवणार आणि प्रत्येकाने आपापल्या जागी पळत जायचं. हौदापासून गोदामापर्यंत माणसांची रांग, हातोहात बादल्या. जो उशिरा पोचेल त्याने पेढे. जिनिंग बंद झाली तरी हे दरवर्षी चालूच राहिलं होतं, मला पत्ता नव्हता. हौद कोरडा असताना रिकाम्या बादल्या घेऊन उभे राहत, असं र.मियाँ आज म्हणाले.
घंटा झाली. रुक्मिण तिच्या सासूच्या जागी उभी. सासू वारली, जागा तिला लागली. माझी जागा चावीजवळ. हे गेल्यापासून 'सोडा' म्हणायचं काम माझं. 
पाणी सोडलं नाही अर्थात. रिकाम्या बादल्या फिरवल्या. ज्ञानोबा, रुक्मिणीचा नवरा, सगळ्यांत शेवटी पोचला. पेढे त्याच्या माथी.
जाताना तो म्हणाला, "काकू, ऊसतोडीचा मुकादम घरी यिऊन गेला."
"मग?"
"दिवाळीनंतर टरक लागतो म्हनं. मी हो म्हणलो न्हाई. न्हाईबी म्हणलो न्हाई."

१८ ऑक्टोबर
मुकादम माझ्याकडेच आला. सभ्य माणूस, हे म्हटलं पाहिजे. म्हणाला, एकट्या गड्याला कारखाना घेत नाही, कोयता म्हणजे जोडी, आता काय ते सांगा. म्हटलं, किसनभाऊंची गाडी येऊ दे, बीज गेलं की सांगते. म्हणाला, "मी वाट बघतो, पर टरक वाट बघत न्हाई बाई."
रुक्मिण पेंड चाळत होती. मान वर केली नाही.

२४ ऑक्टोबर
भिंतीपलीकडच्या मैदानात कापसाची खरेदी सुरू. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, थोड्या बैलगाड्या, रांग पार रस्त्यापर्यंत. भिंतीवरून कापसाचा वास येतो. आपलं आवारही असंच भरलेलं असायचं.
किसनभाऊंचा फोन. अठ्ठावीसला गाडी. पिल्लं बोटाएवढी झालीत. बोटुकली म्हणायचं आता. रोहू आणि कटला वेगळे ओळखता येतात. रुक्मिणीला माझ्या आधी यायला लागले. ती म्हणते कटल्याचं तोंड सुलोचनासारखं, सारखं वर उघडं. सुलोचना दोन दिवस बोलत नाही.

२६ ऑक्टोबर
घाईत लिहितेय. अक्षर असंच येणार.
दुपारची वेळ. मी इंजिनघरात. आधी वास आला. जळक्या कापसाचा वास, तो मला झोपेतही कळेल. मग पलीकडे आरडाओरडा. एका ट्रॉलीचा भर फार उंच होता, विजेच्या लोंबत्या तारेला घासला. मागे ट्रॉल्यांची रांग, सगळ्या कापसाच्या, आणि वारा त्या रांगेच्या दिशेने.
र.मियाँनी घंटा वाजवली.
बस. पुढचं कुणी ठरवलं नाही. रुक्मिण चाळणी टाकून तिच्या जागी. सुलोचना तिच्या जागी. ज्ञानोबा कुठून आला माहीत नाही, या वेळी पहिला. गल्लीतून जुनी माणसं धावत आली, ज्यांना नीट चालता येत नाही तीसुद्धा. माझा गुडघा मला आठवलाच नाही. चावीजवळ उभी राहिले आणि ओरडले, "सोडा!"
र.मियाँनी चाक फिरवलं. तेल-पाणी केलेलं चाक, लोण्यासारखं फिरलं. भिंतीवरून पाण्याची सोंड पलीकडे. शिवाय बादल्या, हातोहात. पलीकडचे शेतकरी भिंतीवर चढून बादल्या घेत होते. ट्रॉल्यांमुळे बंबाला आत शिरता येईना. तो पोचेपर्यंत आग एका ट्रॉलीत आणि शेजारच्या अर्ध्या ट्रॉलीत अडकवून धरली होती. बाकी रांग वाचली. माणसं सगळी ठीक.
मी भिंतीपाशी गेले. ओल्या काळ्या ढिगात काहीतरी तडतडत होतं. वाटलं, ठिणग्या राहिल्या. ओरडणार होते, अजून पाणी टाका.
मासे होते.
सगळ्या कापसात. मैदानभर. ट्रॅक्टरच्या चाकाखाली. घारी यायला लागलेल्या.
रुक्मिण बादली हातात घेऊन तशीच उभी. बादलीत बघत. "माझ्या हातानं गेलं, काकू. एक-एक बादली माझ्या हातानं गेली. मला दिसलंच न्हाई."
मला तरी कुठे दिसलं. जाळी राहू दे कोण म्हणालं होतं?
नंतर लिहिते.

२६ ऑक्टोबर, संध्याकाळ
हौदाच्या तळाला घोटाभर पाणी उरलं होतं, त्यात राहिलेली पिल्लं तोंडं वर काढून. इंजिन गार करायचा लहान हौद इंजिनघरात आहे, तो भरायला मोटार लावली आणि नेता येईल तसं नेलं. त्यासाठी कुणाला बोलावलं नाही. पलीकडचे शेतकरी भिंत उतरून आले. चहावाल्याने किटली रिकामी केली. कुणी टोपीत, कुणी तेलाच्या डब्यात. बोरीचे एक नामदेवराव, त्यांची ट्रॉली जळणाऱ्या ट्रॉलीच्या लगेच मागे होती, त्यांनी डोक्याचा पटका सोडला, झोळी केली आणि त्यातून मासे नेत राहिले. पटका पांढरा होता.
"बाई, मला काय ठावं की पान्यात मासं हायत. मी म्हणलो हे बंबातून मासं कसे यायलेत, का माझंच डोकं फिरलं."
कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. रुक्मिण नाही.
र.मियाँ हौदाच्या काठावर बसून होते. जवळ गेले तर म्हणाले, "बाई, हौद रिकामा झाला." मासे गेले असं म्हणाले नाहीत. नंतर म्हणाले, "तुमी सोडा म्हणलात."
"हो. मी म्हटलं. तुमची चूक नाही."
"आन् म्हणलं नसतं तर?"
तरी तुम्ही सोडलं असतंत, असं मनात आलं. आणि तेच बरोबर होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या. 

२७ ऑक्टोबर
किसनभाऊंना फोन केला. सगळं सांगितलं, काही न लपवता.  त्यांचं "उद्या येतो" एवढंच.
रुक्मिण आली नाही. निरोपही नाही.

२८ ऑक्टोबर
किसनभाऊ मोठीच गाडी घेऊन आले. ठरल्याप्रमाणे. मला राग आला, काय भरणार एवढ्या गाडीत? त्यांनी इंजिनघरात जाऊन बघितलं, मग रिकाम्या हौदात उतरले, पायऱ्यांवर बसले. काळा चिखल, मेलेली दोन-चार पिल्लं.
म्हटलं, "शब्द पाळता आला नाही. माफ करा."
"काय माफ करायचं ओ बाई. आमच्या डोळ्यादेखत आग लागली असती तं आमीबी धरणाचं पानी उपसलंच असतं." मग म्हणाले, "आमच्यातली निम्मी पोरं ह्याच जिनिंगमध्ये गाठी बांधायला यायची. धरणात पानी कमी असलं की इकडं."
ते मला माहीत नव्हतं.
म्हणाले, उरलेलं सगळं देऊ नका म्हणतो मी. एक ड्रम द्या, आमी नेतो, बाकी ठेवा. हिवाळाभर सांभाळलं तर पावसाळ्यापर्यंत थोरलं बी होतं, त्याला धरणात मरण नाही. तसलं बी कुणीच देत नाही. "पर सांभाळायला मानसं पायजेत रोजची."
माणसं. तिथेच गाडी अडली.

२९ ऑक्टोबर
ड्रमाबरोबर मी स्वतः गेले, येलदरीला. वाटेत पाणी सारखं ढवळावं लागतं. आमच्यातलं कुणीतरी हवं म्हणून सुलोचनाला घेतलं. निघताना रुक्मिण वेशीपाशी उभी दिसली. गाडी हळू झाली, ती आपणच मागे चढली. दोघी ड्रमाच्या दोन बाजूंना बसून हाताने पाणी ढवळत गेल्या. एकमेकींशी बोलत नव्हत्या, मग बोलायला लागल्या.
बोरीला नामदेवराव रस्त्यावर उभे, किसनभाऊंनी कळवलं असणार. सगळ्यांना चहा. पटका नवा. म्हणाले, "बाई, आमच्या गावात शेततळी लय झालीत. पानी साठवून नुसते उन्हाची वाट बघतोत. आमाला देता का हे बी?"
"आत्ता नाही. पावसाळ्यात या."
"तवा असंल का?"
"माहीत नाही."
खोटं बोलायची सवय नाही. नंतर वाटलं, थोडं बोलले असते तर काय बिघडलं असतं.
येलदरी. धरणाच्या भिंतीपलीकडे वीजघराचा घुमणारा आवाज. पाणी नजर पोचेल तिथवर, वारा. किसनभाऊंच्या होडीतून थोडं आत गेलो. रुक्मिणीने ड्रम कलंडला. बोटुकल्या क्षणभर होडीच्या सावलीत घोळक्याने थांबल्या, मग नाहीत. एवढ्या पाण्यात एक ड्रम.
ती म्हणाली, "हौदात होते तवा केवढे वाटायचे."
परतीला म्हणाली, "काकू, मी येत न्हवते कारण तुमी मला थांब म्हणाल आन् मला न्हाई म्हणता येणार न्हाई."
"मी तुला थांब म्हणणार नाही, रुक्मिण. बीज विकलं असतं तर तुझं काम होतं. आता हिवाळाभर मी काय देऊ शकेन ते मलाच माहीत नाही. खोटी आशा लावायची नाही."
"तुमी लय कडक हाव."
"आहे."
बाहेर बघत राहिली. नंतर झोपली, सुलोचनाच्या खांद्यावर. ओले हात मांडीत.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
पाच पणत्या इंजिनघराच्या दारात. र.मियाँनी हौदाच्या काठावर एक ठेवली. रिकाम्या हौदावर. माझं बी.पी. जास्त.

२ नोव्हेंबर, पाडवा
उमेश आला. नमस्कार केला, फराळ केला, मग म्हणाला, "तर काकू, बीज गेलं?"
"एक ड्रम गेला."
"एक ड्रम म्हणजे गेलं म्हणायचं का?"
"ते तू ठरव. मी जास्त सांगणार नाही आणि कमीही नाही."
त्याला आगीचं कळलं होतंच. सगळ्या मानवतला कळलंय. येताना तीन जणांनी रस्त्यात थांबवून सांगितलं म्हणाला. तो हौदावर चढला. लहानपणी इथे येऊ दिलं नव्हतं त्याला. आता कुणी अडवलं नाही. चप्पल मात्र खाली काढून गेला. मी बघितलं.
इंजिनघरात उरलेली पिल्लं बघितली. रुक्मिणीची पोरगी आईबरोबर आली होती, ती त्याला कोंडा कसा टाकायचा ते दाखवत होती. चिमटीने, एकाच कोपऱ्यात, म्हणजे त्यांना सवय लागते.
"काकू, प्लॉटिंगवाला म्हणतो, हौद पाडत नाही. मधोमध ठेवू, कारंजं करू, लाइट लावू."
"कारंज्यावर किती बायका जगतील, विचार त्याला."
हसला. मग हसू गेलं. म्हणाला, "तुम्ही खालच्या पाइपाला जाळी लावायला पाहिजे होती."
"हो."
एवढंच.  सह्यांचे कागद गाडीतच राहिले. जाताना म्हणाला, "परवा फोन करतो." काय बोलणार ते चेहऱ्यावरून कळलं नाही. त्याचे काका असेच होते.

४ नोव्हेंबर
फोन आला नाही.
मुकादमाचा निरोप: उद्या सकाळी ट्रक, वेशीपाशी. ज्ञानोबाने होकार दिलाय असं सुलोचना म्हणाली. रुक्मिणीकडे भांडी बांधली आहेत, तेही म्हणाली. पोरीचं दप्तर गाठोड्यात आहे की खुंटीला, ते तिला दिसलं नाही. मी विचारलं, म्हणून लिहिते.

५ नोव्हेंबर
पहाटे उठून आले. मोटारीचा आवाज आधी ऐकला. आवारात पोचले तर विहिरीचं पाणी मोठ्या हौदात पडतंय. र.मियाँनी मला न विचारता चालू केली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. विचारलं, कशासाठी भरताय, आगीला की माशांना? म्हणाले, "बाई, हौद भरलेला पाहिजे." आणि काठी घेऊन बगळे हाकायला गेले. हौदात एकही मासा नसताना.
हौदाच्या आत, खालच्या पायरीवर, रुक्मिण. कासोटा घातलेला, गुडघ्याएवढ्या पाण्यात, तळाच्या पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी बांधायला लागलेली. दुहेरी. तारेने आवळून.
"पानी वर यायच्या आत बांधावं लागंल," म्हणाली. "आत्ता राहिलं तं पुन्हा राहतंय."
 थांब म्हणणार नाही, हा शब्द दिलेला. खाली उतरता येत नाही गुडघ्यामुळे, वरून तार दिली.
ज्ञानोबा आला तिला घ्यायला. पाठीवर गाठोडं. काठावर उभा राहिला, पाण्याकडे बघितलं, तिच्याकडे. "अगं, टरक आला."
"धरा हिकडून," ती म्हणाली. "सुटायलंय."
त्याने गाठोडं पायरीवर ठेवलं आणि आत उतरला. आता दोघं दोन बाजूंनी धरून आहेत. वेशीवरून हॉर्न येतोय, थांबून थांबून. पाणी त्यांच्या गुडघ्यांच्या वर आलंय. गाठोडं ठेवलंय त्या पायरीला अजून लागलेलं नाही.